आधी जागा कुणाची

जुन्नरच्या मैदानावर तालुक्याचे बास्केटबॉलचे सामने होते. शेवटचं मिनिट आणि दोन्ही संघ बरोबरीत. समोरची मुलगी बॉल घेऊन सुसाट आली, माझी मुलगी तिला आडवी गेली आणि धडकून पडली. गुडघा सोलला. साठीकडे झुकलेल्या पंचांनी शिट्टी मारली आणि कमरेवर दोन्ही हात ठेवून तिच्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, रागावलेत. ती फाऊलची खूण होती, तीही आमच्यावर! मिळालेल्या फ्री थ्रोवर समोरच्या संघाने सामना नेला.

मी तरातरा पंचांकडे गेलो. "सर, पडली आमची आणि चूकही आमचीच?"

"कोण पडलं ते मी बघत न्हाई, पावणं." शिट्टीची दोरी ते बोटाला गुंडाळत होते. "आधी दोन्ही पाय टेकून जागा कुणी धरली, ते बघतो. ही उशिरा आली."

माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

परतताना येडगावच्या एसटीला तोबा गर्दी. मुलगी लंगडत चढली आणि दिसेल त्या सीटवर बसली. खिडकीतून कुणी तिथे रुमाल टाकलाय, हे तिने पाहिलंच नाही. रुमालाचा मालक आला, तर तेच पंच! ती घाबरून उठू लागली. या वेळीही तीच उशिरा आली होती.

पंचांचे हात कमरेवर गेले. मग त्यांनी रुमाल उचलून खिशात घातला.

"बस गं. रुमालाला पाय कुठं असत्यात?"

येडगावपर्यंत ते दांडीला धरून उभेच होते. त्यांनी नियम पाळला की मोडला, हे मला अजून कळलेलं नाही.