पेनड्राइव्हमधले आबा

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं कौतुक करायची वेळ सहसा माझ्यावर येत नाही, कारण ते काम त्या स्वतःच उरकतात. नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कंपनीत त्या स्टोअर सांभाळतात. संध्याकाळी आमच्या गावी, आंबीला घरी आल्या, की कंपनीतला कुठला पार्ट कुणालाच सापडत नव्हता आणि मग त्यांनी तो कसा काढून दिला, हे आम्हाला भाकरी थापता थापता ऐकावं लागतं. आपली आरती आपणच ओवाळावी ती अशी, असं मी मनात म्हणायची. पेनड्राइव्हचं प्रकरण झालं आणि मी ते म्हणणं सोडलं.

प्रकरण आमच्या सासऱ्यांचं, आबांचं. त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे आबा राहतील, पण त्यांचा आवाज राहणार नाही. आणि आवाज म्हणजे काय आवाज होता! अंगणात उभं राहून त्यांनी हाक मारली की लांब शेतातलं माणूस वळून बघायचं. दिवसभरात सगळ्यात जास्त ऐकू यायची ती एकच हाक, "ए थोरले, च्या ठेव गं!" त्यांना चहा जाऊबाईंच्याच हातचा लागायचा. माझ्या चहाला ते नदीचं पाणी म्हणायचे. जाऊबाई करवादायच्या, "च्याची मशीन हाय का मी? सारं गाव ऐकतंय, आबा!" मग भांड्यांची आदळआपट व्हायची, आणि चहा यायचाच.

ऑपरेशनच्या आधी मी आबांना बोलतं केलं आणि फोनवर रेकॉर्ड करत गेले. बैलांना घालायच्या हाका, तरुणपणीच्या कुस्त्या, भातलावणीतल्या फजित्या, एकेका नातवंडाचं नाव घेऊन दिलेला आशीर्वाद आणि त्याला लागूनच एक शिवी. जाऊबाई जाता येता टोमणा मारायच्या, "धाकलीनं रेडिओ स्टेशन काढलंय वाटतं." फोन भरला तेव्हा मी ते सगळं पेनड्राइव्हवर घेतलं आणि फोनमधून पुसून टाकलं.

आबा दवाखान्यातून बरे होऊन आले, पण मुके होऊन. चहा हवा असला की टाळी वाजवायचे. टाळीला हाकेची सर कुठून येणार? पुढं एकदा त्यांनी माझ्या फोनकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या तोंडाकडे. माझं ते बोलणं ऐकव, असं त्यांना म्हणायचं होतं. मी हौसेनं पेनड्राइव्ह मुलांच्या कम्प्युटरला लावला. आत काहीच नव्हतं. एक फाइल नाही, एक फोल्डर नाही.

नंतर कळलं ते असं. माझ्या नवऱ्याचे पवनानगरला धरणाकाठी तंबू आहेत. तिथं येणाऱ्या पाहुण्यांसाठी गाणी हवीत म्हणून त्यानं हाताला लागला तो पेनड्राइव्ह उचलला आणि एका साउंडवाल्याच्या कम्प्युटरवरून गाणी भरून आणली. "मी कायबी पुसलं न्हाई गं, देवाशपथ," तो म्हणाला. आता ती गाणीही दिसत नव्हती. मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तळेगावच्या दुकानदारानं बघून सांगितलं, व्हायरस आहे, फॉरमॅट मारा. मी घरी आले तेव्हा आबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काय ते ओळखलं. असू दे, असा हात केला आणि भिंतीकडे तोंड करून निजले. तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्यांचा आवाज डॉक्टरांनी एकदा काढला होता, दुसऱ्यांदा तो आम्ही घालवला होता.

गुरुवारी जाऊबाईंच्या कंपनीला सुट्टी. न्हाऊन, ओल्या केसांना पंचा गुंडाळून त्या कम्प्युटरसमोर बसल्या.

"फॉरमॅट मार म्हणाला? त्याला म्हणावं, आधी तुझं दुकान फॉरमॅट मार." मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाल्या, "हितं बघ. आत काय न्हाई म्हंतीस, मग ही निळी पट्टी निम्मी भरल्याली कशी? माल गेला असता तर जागा मोकळी झाली असती. माल हितंच हाय. व्हायरसनं लपवून ठेवलाय."

"पण अक्का, ती नुसती गाणीच असली तर?"

"तू जरा गप बस."

मी गप बसले. माझ्यासारखीला ते काही सोपं नाही. लपलेल्या वस्तू दाखव, अशी खूण त्यांनी मेनूत केली. काही दिसलं नाही. माझा धीर सुटला, त्यांचा नाही. तांदूळ निवडताना त्यांची नजर जशी ताटावर ठरते, तशी ती स्क्रीनवर ठरलेली. म्हणाल्या, कंपनीत एकदा मालाच्या चलनांचा फोल्डर असाच गायब झाला होता, तेव्हा इंजिनिअरच्या खुर्चीमागं उभं राहून त्यांनी त्याला इतकं पिडलं की त्यानं सगळं शिकवलं. व्हायरस कधी कधी फाइलींवर सिस्टीमचा शिक्का मारतो, मग साध्या खुणेला त्या दाद देत नाहीत. त्यांनी आणखी आत जाऊन, सिस्टीमच्या फाइली लपवून ठेव, अशी खूण होती ती काढली. असं करणं धोक्याचं आहे, अशी सूचना आली. "बरं बरं, कळलं," असं त्या कम्प्युटरला म्हणाल्या आणि होय दाबलं.

उन्हाळ्यात पवनेच्या धरणाचं पाणी उतरलं की जुन्या भिंती दिसू लागतात, तसे ते फिकट फोल्डर वर आले. एक गाण्यांचा. त्याच्याखाली 'आबा'.

मला रडूच फुटलं. आधीचं सगळं विसरून मी जाऊबाईंच्या गळ्यात पडले. "सरक, अजून काम हाय," असं म्हणून त्यांनी मला बाजूला केलं. एका काळ्या चौकटीत कसलीशी ओळ टाईप करून त्यांनी ते लपणं कायमचं मोडलं, मग व्हायरस पुसला आणि सगळं रेकॉर्डिंग कम्प्युटरवरही उतरवून ठेवलं. अर्धवट काम त्यांना जमतच नाही. ही बाई आपल्या घरात आहे याचा मला त्या दिवशी खरोखर अभिमान वाटला.

आबांना खुर्ची दिली. जाऊबाई पंचा वाळत घालायला दाराकडे निघाल्या आणि मी पहिली फाइल लावली. बैलाला घातलेली हाक घरभर घुमली. आबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले. पुढं कुस्तीची गोष्ट सुरू झाली, प्रतिस्पर्धी आता चीत होणार, एवढ्यात गोष्ट मध्येच तोडून तो आवाज कडाडला, "ए थोरले, च्या ठेव गं!"

"व्हय आबा, ठेवते," जाऊबाई म्हणाल्या आणि दारातून वळून तशाच स्वयंपाकघराकडे गेल्या. उंबऱ्यावर पाय थबकला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

त्यांनी मागं वळून बघितलं नाही. पंचा तोंडाला लावून तशाच उभ्या राहिल्या. आबा इकडं खुर्चीत आवाज न करता हसत होते, आणि डोळे पुसत होते.

"धाकले," जाऊबाई तिथूनच म्हणाल्या, "तेवढं परत लाव."

मी परत लावलं. "व्हय आबा, ठेवते," त्या पुन्हा म्हणाल्या आणि त्यांनी गॅस पेटवला.