नवऱ्याच्या हातची सुशी, मुक्काम कुवेत

२००७ च्या जानेवारीत मी कुवेतला गेले ती नवऱ्याला परत आणायला. व्हिजिट व्हिसा महिन्याचा, पण शाळेतून रजा मिळाली पंधराच दिवसांची. दोन वर्षांच्या काँट्रॅक्टवर गेलेला माणूस सातव्या वर्षीही तिकडेच, म्हणजे काय! फोनवर विषय काढला की "आवाज नीट येत नाहीये गं." म्हटलं, आता समोर उभी राहूनच सांगते, घरी चला.

मुंबईहून विमानाने चारेक तास. थंडीत जाणार असाल तर स्वेटर न्याच. वाळवंट म्हणून मी नुसत्या सुती साड्या भरल्या नि कुडकुडत बसले. हे राहायचे खैतानला, पाच जणांच्या खोलीत. तिथे बायकोला कुठे नेणार? त्यांचे रत्नागिरीचे मित्र दाऊदभाई, त्यांची बायकामुलं गावी आलेली. त्यांनी फरवानियातलं आपलं घर आम्हाला दिलं आणि स्वतः यांच्या खाटेवर झोपायला गेले. "भाभी, किचन तुमचंच समजा," म्हणाले. अशी माणसं भेटतात म्हणून परदेश निभतो.

चार दिवस सांगायचं राहूनच गेलं. हे कामावर, मी एकटी हिंडतेय. बस स्वस्त, दोनशे फिल्समध्ये शहर गाठता येतं. मासळीबाजार चुकवू नका. आपलं पापलेट तिथे झुबैदी, आणि भाव ऐकलात तर गुहागरच्या मासेवालीला हात जोडाल.

पाचव्या दिवशी हे म्हणाले, "उद्या दुपारी सालमियाला आमच्या जपानी हॉटेलात ये. माझ्या काउंटरवर जेव."

गावी हे खानावळीच्या भटारखान्यात होते. धुरात उभं राहून मासे तळायचे, कोणी आत डोकावायचंसुद्धा नाही. इथे पांढरा कोट, डोक्याला पट्टी, पुढ्यात काचेच्या पेटीत बर्फावरचे मासे. माझ्या शेजारी एक कुवेती आजोबा होते. त्यांनी मेनू उघडलाही नाही. हे देतील ते खायचं, असा त्यांचा शिरस्ता म्हणे. किमती वाचून त्यांचे रुपये करत बसू नका, घास उतरणार नाही.

ह्यांनी बोटभर भात वळला, वर माशाचा काप ठेवला. कच्चा! अगं बाई, आमच्याकडे कच्चा मासा मांजराला. माझ्यापुढे एक आला, दुसरा आला, तिसरा आला. मी आपली हात मांडीवर ठेवून बसलेली.

"खा की," हे म्हणाले.

"तुम्ही बसा ना आधी."

"मी कुठे बसणार इथे?"

"म्हणजे? तुमच्याआधी मी कधी जेवलेय?"

हे काउंटरवरून वाकले. "अगं, हे ठेवल्याठेवल्या खायचं. भात हाताइतकाच कोमट असतो, तेवढ्यातच त्याची चव. इथे वाढणारा जेवत नाही, खाणाऱ्याकडे बघतो." तिन्ही तुकडे त्यांनी उचलून बाजूला केले आणि पहिल्यापासून वळायला घेतलं.

मी हातानेच खाल्लं. चालतं, काड्यांना घाबरू नका. भात किंचित आंबूस, मासा लोण्यासारखा. एक संपला की दुसरा, असे सात खाल्ले. दर घासाला हे माझ्याकडे बघत होते. लग्नाला अकरा वर्षं झाली, इतकं निरखून त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. मला रडूच आलं. तिखट लागलं म्हणून सांगितलं.

आजोबा उठताना छातीवर हात ठेवून अरबीत काही बोलले. "तुझे हात सलामत राहोत, असं म्हणाले," यांनी सांगितलं, आणि कानापर्यंत लाल झाले.

विमानतळावर यांनीच विचारलं, "आल्यापासून काहीतरी बोलायचं होतं ना तुला?"

"छे! वेळेवर जेवत जा, एवढंच."

शाळेत सगळ्या विचारतात, कधी येतायत मग? मी म्हणते, सुट्टीला. मी सांगितलं असतं तर ते आले असते हो, पुढच्याच विमानाने. त्या भटारखान्यात पुन्हा उभे राहिले असते नि चकार शब्द काढला नसता. ते मला बघवलं नसतं. पण मला माणूस हवाय. फार हवाय, आत्ता या घरात हवाय.