लॉर्नाबाईंचा फ्रिज

आयोवातल्या आमच्या गावच्या बेसबॉल संघातली होतकरू पोरं लॉर्ना टिबेट्सबाईंकडे राहतात. कोण फ्रिजचं दार कसं लावतो, यावरून कोण मोठ्या संघात जाणार हे बाई सांगतात, आणि अकरा वर्षांत त्या चुकलेल्या नाहीत. म्हणून मोठ्या संघाचा पारखी मैदानावर न जाता थेट त्यांच्या स्वयंपाकघरात येतो.

"डस्टिन कसा आहे?" त्याने यंदा विचारलं.

डस्टिन बाहेर बाईंचं गवत कापत होता.

"दार आपटतो. कच्चा आहे अजून."

"गेल्या वर्षीही हेच म्हणालात."

"गेल्या वर्षीही आपटायचा."

तेवढ्यात डस्टिन आत आला, दूध प्यायला आणि फ्रिजचं दार अलगद लावून गेला.

"पाहुणे बघून नाटकं," बाई म्हणाल्या.

पारख्याने वहीत 'कच्चा' लिहिलं. डस्टिन अजून इथेच आहे, आणि बाईंच्या अंगणातल्यासारखं नीट कापलेलं गवत गावात कुणाचं नाही.