दादाने बुजवलेल्या पळवाटा

आमचा दादा चहाच्या बाबतीतही प्रोसेसरसारखाच वागतो. फाटक वाजलं की कोण आलंय ते न बघताच आधण ठेवतो. पाहुणा निघाला तर चहा तयार, मीटरवाला निघाला तर स्वतः पितो. पूर्वी एका कंपनीत असताना त्याने चिपला हेच शिकवलं होतं: उत्तराची वाट बघत बसू नकोस, अंदाजाने पुढचं काम सुरू कर, चुकलं तर टाकून दे. कंपनीने त्याचं पेटंट घेतलं, अर्थात स्वतःच्या नावावर.

मसुदा करताना कंपनीच्या वकिलाने विचारलं होतं, "एखाद्याला हे चुकवायचं असेल, तर तो काय करेल?" झालं. दादा रोज जेवणाच्या टेबलावर पळवाटा शोधायचा आणि एकेक बुजवायचा. मुंगी शिरायला जागा ठेवली नाही, असं वहिनी कौतुकाने सांगत फिरायची. ते कौतुक आठवलं की माझं डोकं फिरतं.

पुढे कंपनी बुडाली. पेटंट अशा लोकांनी विकत घेतलं, जे काहीच बनवत नाहीत, नुसत्या नोटिसा पाठवतात. इकडे आईचं ऐकणं जवळजवळ गेलं होतं. दादाने मागच्या खोलीत, त्याच अंदाजाच्या युक्तीवर, कानाच्या मशीनसाठी चिप करायला घेतली, तपासणी माझ्याकडे. बाजारातल्या मशीनमध्ये बोलणाऱ्याचे ओठ आधी हलायचे आणि आवाज मागाहून यायचा, आमच्यात ओठांबरोबरच यायचा. पहिला नमुना कानात बसवल्यावर आई म्हणाली, "आपला फ्रीज केवढा घरघरतो रे."

मग त्या लोकांची नोटीस आली. आमच्या वकीलबाईंनी विचारलं, "चिपमध्ये थोडा बदल करून सुटता येईल?"

"नाही," दादा म्हणाला. "मीच लिहिलंय ते."

पेटंटची मुदत संपायला अजून सात वर्षं आणि आई नव्वदीला टेकलेली. काम बंद करायचं आणि सगळे नमुने त्यांना द्यायचे, असं ठरलं.

"आईचं तरी राहू दे," मी म्हटलं. "कोण बघायला येतंय?"

"सगळे देतो म्हणून सही केलीय गं."

"खड्ड्यात गेली सही."

आईजवळ बसून दादाने हलक्या हाताने मशीन काढलं. तिला वाटलं, दुरुस्तीला नेतोय.

"लवकर आण हं," ती म्हणाली. "मागच्या वेळी संध्याकाळी दिलं होतंस."

दादाने तिला खरं काय ते सगळं सांगितलं. ती त्याच्याकडे बघत हसून मान डोलवत राहिली.