बाटलीबाहेरची रोपं

पाचोऱ्याची रूपा लग्न होऊन यावलला आली आणि गावाबाहेरच्या टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत कामाला लागली. आधी केळीची रोपं होती, मग मालकांनी ऑर्किड धरलं. चिमट्यानं इवलं रोप उचलायचं, बाटलीत लावायचं, झाकण लावायचं. बाटल्या दाराबाहेर गेल्या की त्यांचं पुढं काय होतं, ते तिला कधी कळलं नाही.

वाकून वाकून मान धरली, तेव्हा तिनं हरितगृहात बदली मागितली. तिथं शालिग्रामभाऊ प्रमुख होते. पहिल्याच आठवड्यात तिनं पाहिलं, बाटलीत तरारलेली रोपं बाहेर माना टाकत होती. ट्रेच्या ट्रे उकिरड्यावर जात होते.

"बठ्ठा मरी ग्यात, भाऊ," ती म्हणाली. सगळी रोपं मेलेला एक ट्रे तिनं त्यांच्यापुढं धरला.

"बाटलीत आयतं साखरपाणी मिळतं, रूपाताई. इथं स्वतःच्या मुळांवर उभं राहायचं. सोपं नाही ते."

भाऊंनी शेवग्याच्या पाल्याचा रस करून पाहायचं ठरवलं होतं. त्यानं मुळं लवकर धरतात, असं ते ऐकून होते. पाला रूपाच्या परसातून आला. "पालाच ओरबाडला तर शेंगा कुठून येतील?" सासू धुरपदाबाई कुरकुरली, पण फांदी तिनंच वाकवून धरली.

पहिला डाव फसला. जास्त दिलं तर जास्त लागू पडेल, म्हणून रूपानं रस दाट ठेवला आणि मुळं काळी पडली. भाऊ रागावले नाहीत. "चार घास जास्त घालायला ते जेवण नाही," एवढंच म्हणाले.

पुढच्या खेपेला रस चांगला पातळ केला. अर्धी रोपं त्यात बुडवून लावली, अर्धी नुसत्या पाण्यात. पाण्यातली बरीचशी गेली. रसातलीही काही गेलीच. पण काही आठवड्यांनी उरलेल्यांना हिरव्या टोकाची नवी मुळं फुटली आणि ट्रेमधल्या नारळाच्या काथ्याला घट्ट बिलगली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत रूपा प्रयोगशाळेतल्या साऱ्या बायकांना हरितगृहात घेऊन आली. त्यांतली कुणीच आजवर इथं आली नव्हती. सगळ्यांत जुन्या बेबाबाईनं एका पानावरून बोट फिरवलं.

"हे आपल्या हातचं का गं?"

"आपल्याच हातचं," रूपा म्हणाली. "खाली वाका, अक्का. मूळ बघा."