सोळा इंची तोंड

काटेवाल्याला लहानपणापासून एकच खोड, वस्तू उघडून बघायची. घड्याळ उघडलं, इस्त्री उघडली, एकदा शेजारच्या काकूंचं शिवणयंत्र उघडलं आणि मार खाल्ला. मोठेपणी ही खोडच त्याचं पोट भरायला लागली. तो एका कंपनीसाठी वजनकाटे तपासतो आणि दुरुस्त करतो. सोनाराचा काटा, दवाखान्यातला काटा, बाजारातला काटा, आणि ज्याच्यावर भरलेला ट्रक अख्खा उभा राहतो तो रस्त्याएवढा काटासुद्धा. हा शेवटचा त्याचा विशेष लाडका. त्याच्या पोटात खड्डा असतो आणि खड्ड्यात उतरलं की ट्रक आपल्या डोक्यावर. "वजन शेवटी जातं कुठे, ते खाली गेल्याशिवाय कळत नाही," असं तो घरी येईल त्याला ऐकवायचा. येणारा बिचारा चहा प्यायला आलेला असायचा.

खड्ड्यात जायला लोखंडी झाकणाखाली एक चौकोनी तोंड असतं, सोळा इंच लांब आणि सोळा इंच रुंद. बावीस वर्षं काटेवाला दोन्ही हात वर करून त्यातून सरळ खाली जात होता, पेटीत पत्र पडावं तसा. गेल्या हिवाळ्यात मात्र खडीच्या कारखान्यातल्या काट्यात तो कमरेपर्यंत गेला आणि पोटाशी अडकला. ना वर, ना खाली. दोन ट्रकवाल्यांनी काखेत हात घालून त्याला उपसून काढलं. मग त्यातल्या एकाला चेष्टा सुचली आणि त्याने त्याला त्याच काट्यावर उभं केलं. पडद्यावर शंभर आले. "हा काटा वीस-वीस किलोंनी मोजतो हो! शंभर नाही, शहाण्णव आहे मी!" काटेवाला कळवळून सांगत होता, पण ट्रकवाले हसून हसून खाली बसले होते.

कंपनीतल्या मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला समोर बसवलं. "चार महिन्यांनी याच काट्याची वार्षिक तपासणी आहे. तुम्ही खाली उतरलात तर प्रश्न मिटला. नाही उतरलात, तर दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात बसून प्रमाणपत्रं लिहायची. उद्या आत कुणी गुदमरलं तर मी काय उत्तर देऊ?" बाईंचं काही चूक नव्हतं. पण उरलेली बारा वर्षं टेबलाशी बसून दुसऱ्यांनी आत काय पाहिलं ते लिहायचं, ही कल्पनाच काटेवाल्याला सोसवेना. त्या दिवशी तो घरी चालत गेला, पाच किलोमीटर. पोचल्यावर भूक लागली म्हणून दुप्पट जेवला.

मग घरात काटा आला. जुन्या पद्धतीचा, स्प्रिंगचा, आत गोल तबकडी आणि मागे शून्य जुळवायचं एक चाक. काटेवाल्याने चाक फिरवून शून्य नेमकं लावलं, कंपनीची वीस-वीस किलोंची वजनं आणून चारही कोपऱ्यांवर ठेवून बघितली आणि बाजूला तपासणीचा शिक्का चिकटवला. घरातल्या तिघी, बायको, मुलगी आणि आई, दारात उभ्या राहून हा सोहळा बघत होत्या.

"आता वर्षभर या काट्यावर कुणी शंका घ्यायची नाही," तो म्हणाला.

"काट्यावर कोण शंका घेतंय?" बायको म्हणाली. ती दंतवैद्याकडे कामाला होती आणि तोंड बंद ठेवण्याबद्दल तिच्याकडे पुष्कळ सल्ले होते. त्याच रात्रीपासून तिने त्याचं ताट बदलून मुलीची लहानपणीची ताटली दिली. तिच्यावर एक हत्ती होता. हत्ती दिसेपर्यंत खायचं आणि थांबायचं, असा नियम ठरला.

सकाळी सहाला फिरायला जायचं ठरलं तेव्हा त्याची आई चपला घालून दारात तयार. ती चौऱ्याहत्तर वर्षांची, अंगाने काडी. "तू कशाला?" तो म्हणाला. "तुला चक्कर आली तर?" आई म्हणाली. आता ही त्याला कशी धरणार होती, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. दोघं शाळेपर्यंत जायची, पुलावरून वळायची आणि कालव्याच्या कडेने परत यायची.

काटेवाल्याला या सगळ्यात वेगळीच गंमत वाटू लागली. झोपण्याआधीचं आणि उठल्यावरचं वजन त्याने ताडून पाहिलं, तर रात्रीत जवळजवळ अर्धा किलो गायब. काही केलं नाही, कुठे गेला नाही, नुसता घोरला. गेलं कुठे? आठवडाभर तो याच विवंचनेत होता. चौदा वर्षांच्या मुलीने शेवटी विज्ञानाच्या बाईंना विचारलं. श्वासातून आणि घामातून पाणी जातं, असं उत्तर आलं. "म्हणजे मी रात्रभर हळूहळू हवेत उडतोय!" काटेवाला हरखून गेला. त्याने मग सगळ्यांनाच तोलायला सुरुवात केली. जेवणाआधी, जेवणानंतर, केस धुतल्यावर, केस वाळल्यावर. बायकोचे ओले केस पाव किलो पाणी धरतात, ही माहिती त्याने तिच्या बहिणीला फोन करून दिली आणि त्यानंतर बायकोने काट्यावर पाय ठेवला नाही.

पण त्याचं स्वतःचं वजन काही हलेना. पंधरा दिवसांत एक किलो उतरला आणि तबकडी पंचाण्णववर जी बसली ती बसलीच. तेव्हा घरात वाईट दिवस आले. काट्यावरून उतरला की त्याचा चेहरा पडायचा. मुलीने चार हाका मारल्या तरी ओ नाही. बायकोने काही विचारलं की "हं". फिरायला निघाला तर आईच्या वीस पावलं पुढे, मान खाली. एक दिवस तर तो म्हणाला, "रविवारपर्यंत नाही हललं तर हे फिरणंबिरणं बंद. उगाच सकाळची झोपमोड." आईने ते ऐकलं.

रविवारी तबकडी साडेचौऱ्याण्णव झाली. पुढच्या रविवारी चौऱ्याण्णव. मग काय विचारता! काटेवाला शीळ घालत दाढी करू लागला. आकडा दर आठवड्याला इमानाने खाली येत होता. आई हल्ली काट्यावर धूळ बसू नये म्हणून रुमाल टाकून ठेवायची. तो अंगठ्याने रुमाल बाजूला सारायचा, वर चढायचा आणि वाकून बघायचा. फिरताना तो आता आईच्या बरोबरीने चालायचा आणि तिला सांगायचा की माणूस उभा राहिला तरी त्याचं वजन स्थिर नसतं, हृदय ठोके देतं तशी तबकडी थरथरते. आई म्हणायची, "हो का?" आणि खरंच ऐकायची.

"पँट मात्र अजून तिथेच घट्ट आहे हो," बायकोने एकदा शंका काढली.

"पँटवर शिक्का आहे का?" काटेवाल्याने विचारलं आणि विषय संपवला.

तपासणीला दहा दिवस राहिले तेव्हा आकडा नव्वदवर होता. त्या संध्याकाळी मुलगी दप्तर घेऊन आली. शाळेत दप्तराच्या ओझ्यावर निबंध लिहायचा होता. तिने दप्तर काट्यावर ठेवलं आणि ओरडली, "बाबा, हे बघ, दीड किलोच भरतंय! निबंधाचं वाटोळं झालं."

काटेवाला हसत उठला. दप्तर हातात घेतलं आणि त्याचं हसू थांबलं. बावीस वर्षं वजनं उचललेला हात होता तो. हात सांगत होता, पाच किलो. त्याने काटा दिव्याखाली नेला. वर काहीही नव्हतं आणि तबकडी शून्याच्या साडेतीन किलो मागे उभी होती.

रिकामा काटा आधी बघ. या धंद्यातला हा पहिला धडा. नव्याने लागलेल्या प्रत्येकाला तो हेच सांगायचा, दमात घेऊन सांगायचा. आणि स्वतःच्या घरी, स्वतःच मारलेल्या शिक्क्याच्या भरवशावर, त्याने तीन महिने रिकाम्या काट्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. त्याने मनात हिशेब केला. नव्वद नाही, साडेत्र्याण्णव. कानशिलं तापली त्याची.

स्वयंपाकघरात आई वाटाणे सोलत होती.

"आई, या काट्याला हात कुणी लावला?"

"मी," आई म्हणाली.

इतकं सरळ उत्तर येईल असं त्याला वाटलं नव्हतं. "का?"

"आकडा हलला नाही की तू घरात कुणाशी बोलायचा नाहीस. पोरगी हिरमुसून बसायची. फिरणं बंद करतो म्हणालास. तुझं वजन उतरवणं माझ्या हातात नव्हतं. आकडा होता. मागचं चाक तू कसं फिरवलंस ते बघितलं होतं मी. थोडं थोडं फिरवत गेले."

"अगं, पण मी त्या भोकात अडकलो असतो ना! सगळ्यांसमोर!"

आईचे हात थांबले. "ते माझ्या डोक्यातच आलं नाही रे," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "मला वाटलं, तू खूश आहेस तर चाललंय ते बरं चाललंय."

काटेवाल्याला राग आला होता आणि तो काही लगेच गेला नाही. पण ओरडायचं बळ मात्र गेलं. ज्या तीन महिन्यांचा त्याला अभिमान होता ते खोटे निघाले, आणि ज्या तीन महिन्यांत आईबरोबर त्याने आयुष्यात पहिल्यांदा इतक्या गप्पा मारल्या तेही तेच. यातलं कुठलं कुठल्यातून वजा करायचं, ते त्याला कळेना. तो पाटावर बसला आणि उरलेले वाटाणे सोलू लागला.

मुलगी दारात उभी होती. "पण बाबा," ती म्हणाली, "भोकाला तुझं वजन कुठे कळतं? भोकाला फक्त आकार कळतो."

हा विचार चार महिन्यांत कुणाच्या मनात आला नव्हता. काटेवाल्याच्या तर नाहीच, कारण त्याला जगात वजनाखेरीज काही दिसत नव्हतं. त्याने फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा काढला, सोळा इंची चौकोन कापला आणि दोन खुर्च्यांच्या मध्ये टेकवून बसवला. मग आडवा होऊन आत शिरायला लागला. मुलगी पाय ढकलत होती, बायको डोक्याकडून हात ओढत होती. पोट पुठ्ठ्याला लागलं आणि चौकोन फाटायला आला.

"जातंच नाही," तो धापा टाकत म्हणाला.

"अरे, फीर की थोडा!" आई म्हणाली. "जन्मताना सुद्धा सरळ आला नव्हतास. सुईण तासभर खपली, मग फिरलास आणि निघालास."

मुलगी किंचाळली, "कर्ण! बाबा, कर्ण! चौकोनात तिरकं अंतर सगळ्यात जास्त!"

बारीक होता तेव्हा तो सरळ जायचा, म्हणून जाड झाल्यावरही सरळच जात होता. तिरकं जायची गरजच कधी पडली नव्हती. आता एक हात वर, एक हात मांडीला चिकटून, एक खांदा एका कोपऱ्याकडे, दुसरा समोरच्या कोपऱ्याकडे, आणि श्वास पूर्ण सोडायचा. पहिल्या वेळी पुठ्ठा चुरगळला. तिसऱ्या वेळी फाटला, पण तो पलीकडे होता. बायको हसत हसत त्याच्याच अंगावर बसली. पुढचे दहा दिवस त्या घरात संध्याकाळी दुसरा उद्योग नव्हता. फिरणं सकाळी चालू राहिलं आणि काटा रोज आधी रिकामा बघितला गेला. खरा किलोभर तेवढ्यात उतरला.

तपासणीच्या दिवशी खडीच्या कारखान्यात मोठ्या बाई डोक्यावर शिरस्त्राण घालून उभ्या होत्या. ट्रकवालेही होते, त्यांना बातमी कशी लागली देव जाणे. काटेवाल्याने झाकण उचललं. "किती उतरलं?" बाईंनी विचारलं. नव्वदचा आकडा त्याच्या जिभेवर तयार होता. "साडेतीन किलो," तो म्हणाला. "साडेब्याण्णव आहे."

बाईंनी त्याच्या पोटाकडे बघितलं आणि मग त्या तोंडाकडे.

त्याने पाय खाली सोडले, कंबर तिरकी केली, एक हात वर नेला. लोखंड पुठ्ठ्यासारखं लवत नव्हतं. बरगडी घासली, शर्टाचं एक बटण तुटलं आणि ते खाली पडल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला. त्याने श्वास सोडला, होता नव्हता तेवढा सगळा. आणि तो आत गेला.

आत तोच गार अंधार होता, तोच तेलाचा वास. वजन झेलणारे सहा पोलादी पाय रांगेत उभे होते. काटेवाल्याला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं. मग विजेरी लावून कामाला लागला. चौथ्या पायापाशी खडीचा एक तुकडा अडकला होता आणि वरच्या फळीचं थोडं वजन गुपचूप स्वतःवर घेत होता. त्याने तो काढला. काम झाल्यावर तो उजेडाच्या चौकोनाखाली आला आणि फोन लावला.

"आई, उतरलो."

आईने विचारलं, "सगळा?"

"सगळा."

"मग आता वर ये. वर आलास की सांग. तोवर मी इथून हलत नाही."

वर यायची तालीम त्यांनी केलीच नव्हती, हे काटेवाल्याच्या तेव्हा लक्षात आलं. घरी पुठ्ठा दर वेळी फाटायचाच, त्यातून परत यायचा प्रश्नच नव्हता. "फोन ठेव आई, मला हात मोकळा लागतो," तो म्हणाला. आईने फोन ठेवला नाही. त्याने तो चालूच खिशात टाकला, हात वर केला, आणि वरून मोठ्या बाईंचा हात आत आला. खांदा कोपऱ्यातून सुटला, पोट घासत निघालं, ट्रकवाले ओरडत होते, आणि या सगळ्या गोंगाटात त्याच्या खिशातून एक बारीक आवाज सारखा विचारत होता, "आलास का रे? आलास का?"