गेजवरचं कुंकू

रघुनाथभाऊजी, माझे धाकटे दीर, गेले त्याला महिना झाला. निरोप आला तेव्हा मी भाकऱ्या करत होते. ऐकलं, आणि उरलेलं पीठही थापून संपवलं... आताशा रडायलासुद्धा त्राण लागतं बघा.

ते पिंपरीच्या एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर होते. चीनच्या लढाईनंतर तिथं सैन्याचं काम आलं. कशाचे भाग, ते साहेब सांगत नसत. पण दसरा झाला, चीननं अणुबॉम्ब फोडून पाहिल्याची बातमी आली, आणि आमच्या चाळीनं ठरवूनच टाकलं, की पुढच्या चाचणीचा गोळा वरच्या वर पाडायचं यंत्र ते हेच.

त्याच दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारखान्यात आम्हा घरच्यांनाही बोलावलं होतं. यंत्रांना हार, हत्यारांना हळदकुंकू. भाऊजींच्या टेबलावर एक गुळगुळीत पोलादी दांडी होती. तिला कुणीच काही लावलं नव्हतं, मला वाईट वाटलं, मी ओल्या बोटानं कुंकू लावलं. तो मापाचा गेज होता, भोकात घालून बघायचा; आत गेला तर भोक मोठं, माल बाद. कुंकू वाळून चिकटलं, दांडी केसभर जाड झाली, आणि मोठी पडलेली भोकंही बरोबर म्हणून पास होत गेली.

भाऊजींच्या ध्यानात आलं तेव्हा माल ट्रकवर चढत होता. ते सरळ साहेबांकडं गेले. म्हणाले, गेज पुसायचा मी विसरलो. सगळा माल उतरवून पुन्हा मोजला. सोबतचे चिडले.

"राव, एवढ्यानं काय नेम चुकतोय व्हय?"

"चुकला तर गोळा आपल्याच माणसांवर पडंल," भाऊजी म्हणाले.

हे त्यांनी घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं, मी चुलीपाशी ऐकत होते. त्यांची बढती गेली. कुंकू कुणी लावलं, ते त्यांनी विचारलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. पुढं चीननं किती चाचण्या केल्या, मग आपणही केली. चाळीत पेढे वाटले, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "वहिनी, एकानं फोडायचं, दुसऱ्यानं पाडायचं... आपण मोजत बसायचं."

मात्र दर खंडेनवमीला स्वतःचा व्हर्निअर, ती मापाची पट्टी, माझ्यापुढं ठेवायचे. "कुंकू तुम्हीच लावा, वहिनी." मी लावलं की माझ्यादेखत फडक्यानं पुसून घ्यायचे. इतकी वर्षं. म्हणजे कळलं होतं त्यांना... पहिल्यापासूनच कळलं असणार.

तेराव्याला जाऊबाई तो व्हर्निअर मला द्यायला लागल्या. घ्यायच्या आधी मी पदराला हात पुसले. कोरडेच होते.